सिस्टर, आता तुम्ही या

ऑक्टोबरातलं स्तनतपासणीचं शिबिर होतं. मालगाव, बेडग, आरग या बाजूच्या बायका सकाळपासून येऊन बाकांवर बसल्या होत्या; कुणी पहिल्या एसटीनं, कुणी वडापच्या जीपनं. मिरजेतल्या आमच्या रुग्णालयात मी एक्सरे विभागात काम करते आणि मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांचा एक्सरे काढायचं मशीन माझ्याकडं असतं. डॉक्टरांनी हातानं तपासून ज्यांना पुढं पाठवलं, त्या बायकांना माझ्या खोलीपर्यंत आणून सोडायचं काम त्या दिवशी सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी आपणहून अंगावर घेतलं. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज खणखणीत. प्रत्येकीला दारातच सांगायच्या, "घाबरायचं न्हाई मावशी. मशीन जरा दाबतंय, पण घटकाभरच. हिनं श्वास धरा म्हटलं की धरायचा, बास." एका म्हाताऱ्या आजींचा ब्लाऊज निघेना तेव्हा सिस्टरांनी स्वतः हुकं काढली, अंगावर चादर धरली आणि त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं. चारच्या सुमाराला शेवटची बाई गेली. मशीन चालूच होतं. मी म्हटलं, "सिस्टर, आता तुम्ही या. दहा-पंधरा मिनिटांचं काम." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुझ्यापुढं? आणि उद्या परत पेशंटच्या फिल्मा मागायला तुझ्याकडंच यायचं होय मी? नको बाई." हातातली यादी माझ्या टेबलावर ठेवून वॉर्डाकडं निघून गेल्या.

त्यांच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं, तरी ते मनातून जाईना. संध्याकाळी सांगलीला परतताना वानलेसवाडी ओलांडली आणि रोज दिसणारं ते नाव त्या दिवशी जरा निराळं भेटलं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. पुढं हे गावच दवाखान्यांचं झालं. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं इथं उतरतात ती हातात फायलींच्या पिशव्या घेऊनच. अशा गावात गल्लीत एखाद्या घरी तरी सिस्टर असतेच. रात्रीबेरात्री इंजेक्शनला, सलाईन काढायला, बाळंतिणीला बघायला शेजारपाजारचे लोक आधी तिच्या दारात जातात. आणि माझ्या रजिस्टरात मात्र या सिस्टर पेशंट म्हणून क्वचित दिसतात. सासूला घेऊन येतात, जावेला आणतात, धुणंभांडी करणाऱ्या बाईला हाताला धरून आणतात, तिचा फॉर्म स्वतः भरतात. स्वतःचं नाव काही त्या फॉर्मवर चढत नाही.

लोकांना वाटतं, नर्स म्हणजे तब्येतीची काळजी घेणारी बाई. तिचा दिवस जवळून बघितला तर तसं कुणी म्हणणार नाही. नाईटला रात्री दोन-अडीचच्या पुढं पोट मागायला लागतं आणि तेव्हा जे हाताशी असतं ते खाल्लं जातं: डब्यातलं भडंग, त्यात चिरलेला कांदा, वर दोन कप गोड चहा. शेंगदाणे आहेत म्हणून भडंग पौष्टिक, असं आमच्याकडं सगळे मनापासून मानतात. सकाळी आठला ड्युटी सुटायची म्हणून सुटत नाही. हँडओव्हर लांबतो, एखादा पेशंट नेमका तेव्हाच बिघडतो, रिलिव्हर वेळेत येत नाही. घरी पोचेपर्यंत साडेनऊ-दहा. मग भाकरी, मुलांचं, सासऱ्यांच्या गोळ्या. झोप दुपारच्या उन्हात, डोळ्यांवर ओढणी बांधून, तीही दाराची बेल वाजेपर्यंत. ड्युटीवर पाणी मुद्दाम कमी पितात, कारण वॉर्ड सोडून बाथरूमला जायला मिळत नाही. मग लघवीचा त्रास, मग गोळ्या. व्यायामाचं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "दिवसभर वॉर्डात चालतोच की आम्ही." चालतात हे खरं आहे. पायांच्या निळ्या शिरा फुगतात इतक्या उभ्या असतात. पण आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर सकाळी मोकळ्या हातांनी, दम लागेल असं अर्धा तास चालणं वेगळं. ते त्या पेशंटना बजावून सांगतात आणि सांगतानाच त्यांना स्वतःला जांभई येत असते.

एक बाजूची गोष्ट सांगते. मिश्री लावणाऱ्या बायकांना सिस्टर जे फैलावर घेतात, ते ऐकण्यासारखं असतं. तोंडाच्या कॅन्सरची सगळी माहिती जिभेवर असते. आम्ही हे सगळं जाणतो, आणि जाणणं पुरेसं असतं असं कुठंतरी धरून चालतो.

बायकांच्या राहणीमानाचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध काय, हे आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं कितीतरी नर्सेसच्याच शरीरांवरून कळलेलं आहे. अमेरिकेत १९७६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ३० ते ५५ वयाच्या नर्सेसना टपालानं प्रश्नावली पाठवायला सुरुवात केली, आणि १ लाख २१ हजार ७०० जणी त्यात सामील झाल्या. नर्स निवडल्या कारण त्यांना आजाराची नावं कळतात, गोळ्यांची नावं कळतात, आणि त्या प्रामाणिकपणे, नेमकं लिहितात. दर दोन वर्षांनी त्या लिहीत राहिल्या: वजन किती, मूल कधी झालं, दारू घेता का, रात्रपाळी किती वर्षं केली. हजारो जणींनी पायाच्या नखांचे कापलेले तुकडे पाकिटात घालून पाठवले. दारूनं धोका वाढतो, पाळी गेल्यानंतर अंगावर चढलेलं वजन धोका वाढवतं, हालचालीनं तो कमी होतो, या गोष्टींना बळकटी मिळाली ती अशा उत्तरांमधून. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा ड्युटीवरून परतलेली, टेबलाशी बसून फॉर्म भरणारी एक बाई डोळ्यांपुढं आली. तिला मी ओळखत नाही, पण रोज भेटते.

त्याच अभ्यासातून २००१ साली असंही पुढं आलं, की तीस किंवा त्याहून जास्त वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या नर्सेसमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आणि २०१९ साली पुन्हा तपासून तिथंच ठेवलं. डेन्मार्कनं तर अनेक वर्षं रात्रपाळी केलेल्या आणि पुढं हा कॅन्सर झालेल्या काही बायकांना कामामुळं झालेला आजार म्हणून भरपाईसुद्धा दिली. नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत मात्र असा संबंध सापडला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून नाईट करणाऱ्या कुठल्याही मुलीनं यावरून घाबरून जाऊ नये. नाईट बंद होणार नाही. मध्यरात्री सलाईन कुणीतरी बदलायलाच लागतं. पण जिच्या झोपेवर दवाखाना चालतो, तिच्या तपासणीची सोय त्या दवाखान्यानं आधी बघावी, एवढं म्हणायला मला कुठल्या अभ्यासाचा शेवटचा निकाल लागत नाही.

मग त्या येत का नाहीत?

लाज आहे, वेळ नाही, हे तर आहेच. पण गेली काही वर्षं मला एक वेगळंच कारण दिसतं. वॉर्डातल्या सिस्टरला हा आजार दिसतो तो उशिराचाच. ज्या बाईची गाठ छोटी असताना सापडते ती ऑपरेशनला येते, थोडे दिवस राहते, फाईल घेऊन घरी जाते आणि पुढं ओपीडीतूनच येत-जात राहते. तिचा चेहरा वॉर्डाला आठवतही नाही. लक्षात राहते ती दुसरी. गाठ फुटून जखम झालेली, घरच्यांनी वर्षभर लेप लावून ठेवलेली. तिचं ड्रेसिंग करायला सिस्टर तोंडावर दोन मास्क चढवून जाते, वास कमी व्हावा म्हणून मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर टाकते, आणि बाहेर येऊन हात धुते ते कोपरापर्यंत, पुन्हापुन्हा. अशा किती ड्रेसिंग एका नर्सच्या हातून होत असतील. तिच्या मनात स्तनाचा कॅन्सर म्हणजे तेच चित्र असतं. "आम्हाला सगळं माहितीय" असं त्या म्हणतात तेव्हा त्यांना शेवट माहीत असतो. आणि ज्याचा शेवटच तेवढा माहीत आहे, ते स्वतःच्या अंगात आहे का हे बघायला कोण आपल्या पायांनी जाईल?

माझ्या खोलीत बरोबर उलटं आहे. मला सुरुवात दिसते. बाई उभी असते. मी तिला खांदा सैल सोडायला सांगते, स्तन हातानं उचलून प्लेटवर नीट पसरते, वरून पारदर्शक प्लास्टिकची पट्टी खाली येते. दाबायचं ते त्रास द्यायला नव्हे. पेशी एकमेकींवर चढून राहिल्या तर त्यांच्यामागं दडलेलं दिसत नाही, हललं तर फोटो पुसट येतो, आणि जाडी कमी झाली की किरणंही कमी लागतात. दोन्ही बाजूंचे वरून एक आणि तिरका एक, असे चार फोटो. चारही मिळून किरणं लागतात ती निसर्गातून आपल्या अंगावर काही आठवड्यांत येतात तेवढीच. स्क्रीनवर चित्र उमटतं, आणि कधीकधी त्या करड्या पसाऱ्यात एका कोपऱ्यात मीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके असतात. हाताला न लागणारे. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी निघतात, काही वेळा नाही. निदान करणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्ट मॅडम करतात. पण त्या ठिपक्यांवरून सुई घालून तुकडा तपासलेली, वेळेत ऑपरेशन झालेली बाई पुढच्या वर्षी फोटो काढायला येते, नातवाचं बारसं झालं म्हणून पेढे ठेवून जाते, हे मी बघते. वॉर्डातल्या सिस्टर हे बघत नाहीत. एकाच इमारतीत, दोन मजल्यांच्या अंतरानं, आम्ही जणू दोन वेगळे आजार बघत असतो.

माझ्या ओळखीतल्या एका सिस्टरांना अंघोळ करताना गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं पेशंट म्हणतो तेव्हा त्याच त्याला दुरुस्त करायच्या. सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखत नाहीच. स्वतःच्या बाबतीत त्यांनी तिला साधी फायब्रोॲडिनोमा, म्हणजे कॅन्सरची नसलेली गाठ ठरवलं, मुलीची बारावी होऊ दे म्हणाल्या, मग दिवाळी होऊ दे. शेवटी गेल्या त्या पुण्याला, बहिणीकडं लग्नाला जाते असं वॉर्डात सांगून. इथं एवढे दवाखाने असताना पुण्याला का, हे विचारायची गरजच पडली नाही. इथं नाव पुकारलं की कॅज्युअल्टीपासून कँटीनपर्यंत कळतं. ऑपरेशन, किमो, सगळं तिकडंच झालं. परत ड्युटीवर आल्या तेव्हा काखेतल्याही गाठी काढलेल्या, हात वर जात नव्हता. चेंजिंग रूमच्या भिंतीवर रोज बोटांनी वर चढायचा व्यायाम करायच्या. बोटं पोचायची तिथं बॉलपेननं बारीक रेघ. खालच्या रेघा जवळजवळ होत्या, वर त्यांच्यातलं अंतर वाढत गेलेलं. बाकीच्या मुली तिथंच उभ्या राहून साडी सोडायच्या, युनिफॉर्म चढवायच्या, आणि त्या रेघांबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. मला ते गप्प राहणं अजून सहन होत नाही. त्यात माया होती, हे कळतं. पण त्यातल्या एकीलाही त्या भिंतीसमोरून निघून माझ्या खोलीत यावंसं वाटलं नाही.

देशाचं चित्र तरी कुठं निराळं आहे. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या होत्या फक्त ०.९ टक्के. तिशीच्या पुढच्या बाईची तपासणी उपकेंद्रावर फुकट होते, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. सिस्टरांच्या घरी मात्र त्या येतात तेव्हा सिस्टर ड्युटीवर असतात, आणि घरी सापडल्याच तर आशाताई दारातूनच म्हणतात, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर सिस्टरच की."

मशीनसमोर मी रोज उभी असते, तरी मशीन म्हणजेच सगळं असं मी कधी म्हणणार नाही. चाळिशीच्या आतल्या बाईचा स्तन घट्ट असतो, फोटोत नीट कळत नाही; तिला गाठ लागली तर आधी सोनोग्राफी. फोटो चांगला आला आणि गाठ मात्र हाताला लागतेय, तर डॉक्टरांना दाखवायचंच. कधी नुसत्याच शंकेपायी सुई टोचली जाते आणि काही निघत नाही. ते चार-आठ दिवस त्या बाईनं कसे काढले ते तिलाच माहीत. शांघायमध्ये २ लाख ६६ हजार गिरणी कामगार बायकांवर झालेल्या अभ्यासात, नुसतं घरी स्वतः तपासायला शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत, असं २००२ साली दिसलं. आपल्या मुंबईतला अभ्यास मला त्याहून जवळचा वाटतो. टाटा रुग्णालयानं १९९८पासून वस्त्यांमधल्या दीड लाखांवर बायकांवर तो केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांना हातानं तपासलं. २०२१ साली निकाल छापून आले: कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही. महागडं मशीन नव्हतं तिथं. शिकलेला हात होता. आमच्या वॉर्डावॉर्डांत तसे हात सलाईन लावतायत, बीपी घेतायत; त्यांनी एकमेकींना तपासायचं म्हटलं तर उद्यासुद्धा सुरू होईल.

सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख असलेल्या मेट्रन मॅडमना मी हे सगळं सांगितलं, मग त्यांच्याच सांगण्यावरून लेखी दिलं. पहिलं म्हणजे तपासणी ड्युटीच्या वेळेत, रोस्टरवर लिहून. सुट्टी टाकायला लागली की ती होत नाही, आणि कंत्राटी मुलींचा तर दिवसाचा पगारच जातो. चाळिशीच्या पुढच्यांना मॅमोग्राफी, त्याआतल्यांना हातानं तपासणी, आणि जिच्या आईला किंवा बहिणीला हा आजार झालाय तिचं डॉक्टरांनी वेगळं ठरवायचं. रिपोर्ट बंद पाकिटात, तिच्याच हातात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपल्या दवाखान्यात नको. सांगली-मिरजेत दहाएक किलोमीटरचं अंतर, सिटी बस सारखी धावते. मिरजेच्या सिस्टरांनी सांगलीत जावं, तिकडच्यांनी इकडं यावं. ज्या टेक्निशियनपुढं उभं राहायचं तिच्याकडं उद्या फिल्म मागायला जायचं नसेल, तर निम्मा संकोच तिथंच संपतो. १२ मे ला परिचारिका दिनाचा केक कापतात, गुलाब देतात. ते असू दे, छान वाटतं. त्याबरोबर तपासणीची एक वेळ ठरवून द्या, असंही त्या अर्जात लिहिलं. मॅडमनी दोनदा वाचला. रोस्टरचं वर विचारायला लागेल म्हणाल्या. अदलाबदलीला मात्र कुणाची परवानगी कशाला, असं म्हणून माझ्यासमोरच सांगलीतल्या आपल्या मैत्रिणीला फोन लावला. तीही तिकडं मेट्रन.

रोस्टरचं अजून वर अडकलंय. मी दर आठवड्याला विचारते आणि विचारत राहणार आहे.

परवा दुपारी माझ्या खोलीतला फोन वाजला. सांगलीतल्या एक सिस्टर, ओळख ना पाळख. वय शेहेचाळीस, गाठबीठ काही नाही, नुसतं बघून घ्यायचंय म्हणाल्या. नाव रजिस्टरात लिहायलाच लागतं का, विचारलं. लिहायला लागतं, पण रजिस्टर माझ्याच कपाटात असतं, असं मी सांगितलं. मग त्या भराभर विचारत गेल्या. पाळी कधी येऊन गेली ते मीच विचारलं, कारण पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन दुखरे असतात, दाब सोसत नाही. पाळी संपल्यावरचा आठवडा बरा. साडीपेक्षा कुर्ता-सलवार बरी, वरचं तेवढं काढता येतं. आधी कुठं फोटो काढला असेल तर फिल्म घेऊन यायची.

"आणि नाईट उतरून थेट आले तर चालतंय का?"

"चालतं की. फक्त येताना काहीतरी खाऊन या. आणि काखेत पावडर लावू नका, फोटोत ठिपके दिसतात."

"नाईटला पावडर लावायला वेळ कुठं असतोय," म्हणाल्या, आणि बुधवारी दहाची वेळ घेतली.